कोल्हापूर ते नेरूळ: मालीच्या पोरांमागं तीन आठवडे

२०१७ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट आहे, सतरा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल वर्ल्डकप भारतात झाला तेव्हाची. ६ ते २८ ऑक्टोबर, २४ देश, सहा शहरं. दिल्ली, कोलकाता, कोची, गोवा, गुवाहाटी आणि सहावं नवी मुंबई, म्हणजे नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय असतो हे सांगायची गरज नाही, आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की दुकानं लवकर बंद होतात. पण वर्ल्डकप नावाची गोष्ट आपल्या ताईच्या घरापासून तीन स्टेशनांवर येतीय म्हटल्यावर मी जूनपासूनच तिकिटाच्या मागं लागलो होतो. भाचा तेव्हा बारा वर्षांचा. आता कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळतो आणि परवा पुन्हा तोच वाद काढला त्यानं, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. वाद कुठला ते येईलच.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवरून आरएसी झालं, म्हणजे अर्धी सीट. शेजारी मिरजेला चढलेले एक काका. त्या रात्री कोजागिरी होती हे मी विसरूनच गेलो होतो. कराडच्या पुढं कधीतरी काकांनी थर्मास काढला, कागदी कपात मसाला दूध ओतलं, खिडकीची काच वर केली, कप जरा बाहेरच्या उजेडात धरला आणि म्हणाले, घ्या, चंद्र पडलाय त्यात. उसाच्या रानावर असं पांढरंफेक चांदणं आणि डब्यात अर्ध्या लोकांच्या घोरण्याचा आवाज. कुठं निघालाय विचारलं तर म्हटलं फुटबॉल बघायला. भारताची मॅच काय? म्हटलं नाही ओ, भारत दिल्लीला खेळतोय, मी न्यूझीलंड-तुर्कस्तान आणि पॅराग्वे-माली बघायला चाललोय. काकांनी माझ्याकडं बघितलं, कप परत घेतला आणि झोपले.

खरं म्हणजे मलाही मनात ते खटकत होतंच. भारताच्या मॅच आधी नवी मुंबईतच होणार अशी चर्चा होती, मग त्या दिल्लीला गेल्या. आमचा अनिकेत जाधव, कोल्हापूरचा पोरगा, क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, भारताच्या एकवीस जणांत, आणि आपण त्याला टीव्हीवर बघणार. असो.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

उजाडता उजाडता ठाणे. आईचा फोन आलाच, पुलावर गर्दीत घुसू नको. आठवड्यापूर्वीच एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झालेली, त्यामुळं ठाण्याच्या जिन्यावर पण लोक जरा एकमेकांना जागा देत चालले होते, एरवी कोण देतं. दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडली, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. ताईचं घर माथाडी वसाहतीत. या भागात आलं की मला नवी मुंबईत आल्यासारखं वाटतच नाही, जिन्यात सातारा-सांगली-कोल्हापूरची भाषा, दारात चपलांचा ढीग, पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी चुलीवर असल्यासारखा ठेचा वाटायचा आवाज.

दाजी कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. ते पहाटेच गेलेले. भाचा शाळेला दांडी मारून तयार. त्यांच्या शाळेत १५ सप्टेंबरला राज्यभर झाला तसा फुटबॉलचा दिवस झाला होता, सगळ्या वर्गांना मैदानावर सोडलेलं, त्यात यानं एक गोल मारला होता तो मला दिवसभरात चार वेळा सांगितला. चौथ्या वेळेला गोलकीपर मोठा झाला होता, नववीतला.

दुपारी निघालो आणि पहिली गडबड केली. ठाण्याकडून येणाऱ्या गाड्या काही वाशीला जातात आणि काही नेरूळ-पनवेलला, आम्ही इंडिकेटर न बघता वाशीच्या गाडीत बसलो. मग वाशीला उतरून हार्बरची गाडी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ. भाचा म्हणाला मामा, मी सांगत होतो. सांगत नव्हता तो, मोबाईलवर गेम खेळत होता.

स्टेशनातून लोकांच्या मागं मागं चालायचं, पत्ता विचारायची गरज नाही. स्टेडियम लांबून दिसतं ते छताचं, आत खांब नाहीत त्यामुळं कुठंही बसा, मधी काही येत नाही. २००८ मध्ये बांधून झालं, पहिल्या आयपीएलची फायनल इथंच झाली, म्हणजे जन्म क्रिकेटचाच. आणि ज्यांच्या नावाचं आहे ते डी. वाय. पाटील मूळचे आमच्या अंबपचे, त्यामुळं गेटमधून शिरताना मी भाच्याला म्हटलं, बघ, हे पण कोल्हापूरचंच आहे. आपण लोक असं काहीतरी शोधतोच.

गेटवर मात्र सगळं घरचं नव्हतं. पाण्याची बाटली काढून घेतली, ठीक. ताईनं दिलेली भडंगची पिशवी पण आत जाणार नाही म्हणाला. अर्धा किलो जयसिंगपुरी भडंग, मी कोल्हापूरहून आणलेली, ती तिथं डब्यात टाकायची? आम्ही लाईनमधून बाजूला झालो, झाडाखाली उभं राहून खायला सुरुवात केली, मागच्या दोघांना दिली, ते कळव्याचे निघाले, त्यांच्याकडची केळी पण अडकलेली, मग केळी आणि भडंग असं जेवण झालं. पहिल्या मॅचची पहिली दहा मिनिटं त्यात गेली आणि मला त्याचं काही दुःख नाही.

न्यूझीलंड-तुर्कस्तान १-१. तुर्कस्ताननं पहिल्या हाफमध्ये मारला, न्यूझीलंडच्या मॅक्स माटानं दुसऱ्यात फेडला. ऊन तिरकं डोळ्यावर, घाम, पोरं दोन्हीकडची लालबुंद झालेली. एवढंच आठवतंय.

मग आठ वाजता दिवे पूर्ण लागले, हवा जरा सुटली आणि पॅराग्वे-माली. अडचण अशी झाली की बाजू कुणाची घ्यायची तेच ठरेना. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला बाजू नसेल तर मॅच बघताच येत नाही. आमच्याकडं पेठ असते, तालीम असते, चुलतभाऊ खेळत असतो, सात पिढ्यांचं काहीतरी निघतं. इथं पॅराग्वेचं काय आणि मालीचं काय, दोन्हीपैकी एकाही देशाचा माणूस मी जन्मात बघितलेला नाही. भाच्यानं प्रश्न मिटवला. त्यानं स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, माळी? आमच्या बिल्डिंगमधले माळीकाका? झालं. आम्ही मालीचे.

मागं बसलेले कळवेकर पण माळीच ओरडायला लागले, चल रे माळी, पाणी घाल, असं. मी ट्रेनमध्ये थोडं वाचून ठेवलं होतं म्हणून शहाणपणा सांगत होतो की बाबांनो हे साधे नाहीत, २०१५ ला आणि यंदा पण आफ्रिकेचे चॅम्पियन आहेत, मागच्या वर्ल्डकपला चिलीमध्ये फायनल खेळलेत, नायजेरियाकडून हरले. कुणी ऐकत नव्हतं कारण तोपर्यंत पॅराग्वेनं दोन मारले होते. सतरा मिनिटांत २-०. पहिला गालेआनो नावाच्या पोरानं.

आणि मग जे काय सुरू झालं. मालीची पोरं रागावली नाहीत, एकमेकांवर ओरडली नाहीत, नुसती पळायला लागली. तीन मिनिटांत हाजी द्रामेनं एक परत केला, चौतिसाव्या मिनिटाला लसाना एनडियायेनं दुसरा. २-२. बॉल घेतला की सरळ समोरच्याच्या अंगावर जाणार, पास मागायला दोघं डावीकडून येणार, एक उजवीकडून, आणि हे सगळं इतक्या स्पीडला की भाचा उभाच राहिला, बसायचं विसरला. उंच, सडपातळ, पाय नुसते लांबच लांब. समोरच्याला वाटतं बॉल आपला झाला आणि एक पाय कुठूनतरी येऊन घेऊन जातो. आमच्याकडं असा एक डिफेंडर होता, त्याला आम्ही कोयता म्हणायचो. इथं अकराच्या अकरा कोयते.

दुसऱ्या हाफला पॅराग्वेला पेनल्टी मिळाली, ३-२, आणि तसंच संपलं. शेवटची वीस मिनिटं माली नुसती धडका मारत होती. हरले, पण उठताना आजूबाजूचे सगळे मालीबद्दलच बोलत होते. तिकडं दिल्लीत भारत अमेरिकेकडून ३-० हरला, ते परतीच्या गाडीत कळलं. डब्यात कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि मग जुईनगर ते तुर्भे कुणी काही बोललं नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

मॅच नाही. दाजी म्हणाले, चला पाव्हणं, आमचं ग्राउंड बघा. पहाटे मार्केटला नेलं. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांपुढं नाशिक, जुन्नरकडच्या गाड्या लागलेल्या, दाजींची टोळी आठ जणांची, मुकादम वेगळा. गाडीच्या फाळक्यावर एक जण उभा, तो गोणी नुसती कलंडवतो आणि खालचा माणूस मान वाकवून पाठीवर घेतो. घेतो म्हणजे पकडत नाही. गोणी पडायच्या आधी पाठ तिथं पोचलेली असते. पन्नास किलोच्या आसपासचं वजन, गाळ्यापर्यंत पंधरा-वीस पावलं, थप्पीला लावून परत. दाजी एका हातानं गोणीचा कान धरतात, दुसरा हात मोकळा सोडतात, आणि चालताना खाली बघतच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, खाली बघितलं की तोल जातो, कबड्डीत पण तेच.

दाजी कबड्डीवाले. गावाकडं पन्हाळ्याच्या बाजूला चांगले रेडर होते म्हणे, दोन्ही गुडघ्यांवर खुणा आहेत. फुटबॉलबद्दल त्यांचं मत, बावीस जण पळतात आणि दीड तासात एकदा शिवतात, त्याला काय खेळ म्हणायचं. मी वाद घातला नाही. वाराईच्या, म्हणजे हमालीच्या हिशेबाला बसले होते ते, तेव्हा वाद घालायचा नसतो.

दुपारी झोपलो. संध्याकाळी भाच्याला खाली घेऊन पार्किंगमध्ये खेळलो, एका काकूंच्या स्कूटीला बॉल लागला.

रविवार, ८ ऑक्टोबर

रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा भरवसा नाही म्हणून बसनं ठाण्याला. निमित्त मामलेदार मिसळ. कोल्हापूरचा माणूस मिसळीबद्दल काय बोलणार हे तुम्हाला माहीतच आहे, तरी बोलतो. आमच्याकडं कट वेगळा येतो, ब्रेडच्या स्लाईस असतात, वर शेव-चिवडा भरपूर आणि तिखटापेक्षा मसाल्याचा वास आधी येतो. मामलेदारला पाव, आणि रस्सा पातळ, लालभडक, दिसायला साधा. मी ऐटीत तिखट सांगितली. तिसऱ्या घासाला कान गरम झाले, पाचव्याला भाचा माझ्याकडं बघून हसायला लागला. चांगली आहे, मान्य. आमच्यापेक्षा चांगली आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही, पण दुसरी प्लेट मागवली होती हे भाच्यानं आईला सांगितलंच.

मग तलावपाळीला एक फेरी, गडकरी रंगायतनच्या बाहेर उभं राहून नाटकाच्या जाहिराती वाचल्या, घोडागाडी बघितली, घरी.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज बरोबर गाडी पकडली आणि वेळेत पोचलो. भडंग घरी. भाच्यानं खेलियोबरोबर फोटो काढला, खेलियो म्हणजे स्पर्धेचा मॅस्कॉट, ढगाळ बिबट्या, आत कोण बिचारा उकडत असेल देव जाणे.

पाचला तुर्कस्तान-माली. यावेळी आम्ही एकटे नव्हतो. शुक्रवारी आलेले बरेच जण परत आलेले आणि ते सगळे माली माली करत होते, एका कोपऱ्यात तर तीस-चाळीस पोरांचा घोळका होता, ढोल नव्हता म्हणून खुर्च्या बडवत होता. मालीनं ३-० मारला. पहिला त्राओरे, दुसरा एनडियाये, तिसरा शेवटी शेवटी कोनातेनं. तुर्कस्तानला काही सुचूच दिलं नाही. तिसऱ्या गोलनंतर आमच्या पुढचे आजोबा, पांढरा शर्ट, खिशाला पेन, अगदी निवृत्त मास्तर वाटावेत असे, ते उठून उभे राहिले आणि शांतपणे दोनदा टाळी वाजवून बसले.

पण त्या दिवसाची खरी मॅच दुसरीच. आठ वाजता आमच्यासमोर पॅराग्वे-न्यूझीलंड आणि त्याच वेळी दिल्लीत भारत-कोलंबिया. त्यामुळं अर्धं स्टेडियम समोर बघतंय आणि अर्धं मांडीवरच्या मोबाईलमध्ये. नेटवर्क आलं-गेलं. ज्याच्याकडं चालतंय त्याच्याभोवती सात-आठ डोकी. समोर न्यूझीलंड हाफटाईमला २-१ नं पुढं होतं ही केवढी मोठी गोष्ट, पण कुणाला सोयरसुतक नाही. दिल्लीत दुसरा हाफ सुरू झाल्याझाल्या कोलंबियानं एक मारला, तेव्हा मोबाईलवाल्या घोळक्यांतून एकदम उसासे.

आणि मग कधीतरी, समोर मैदानावर काहीही चाललेलं नसताना, नुसता थ्रो-इन होता वाटतं, डावीकडच्या वरच्या स्टँडमधून एक आरोळी उठली. मग आमच्या मागून. मग समोरून. एकाच वेळी नाही, कारण प्रत्येकाचा मोबाईल थोडा मागंपुढं, त्यामुळं गोल असा तुकड्यातुकड्यांनी स्टेडियमभर होत गेला, ज्याचं नेट फास्ट त्याचा आधी. आमच्याजवळच्या मोबाईलवर अजून कॉर्नर घ्यायचा होता! आजूबाजूचे सगळे ओरडतायत आणि आम्ही दहा जण त्या स्क्रीनकडं बघतोय, पोरगा कॉर्नरला बॉल ठेवतोय, हात वर करतोय, बॉल आला, जीक्सन सिंगनं उडी मारून डोकं लावलं, गोल. ब्याऐंशीवं मिनिट. वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल, कुठल्याही वयोगटातला. मणिपूरचा पोरगा. आम्ही सगळ्यांत शेवटी ओरडलो. मैदानावरची पॅराग्वेची पोरं दचकून वर बघत होती, त्यांना वाटलं असेल आपण असं काय केलं.

भाच्यानं मला मिठी मारली आणि त्याची मिठी सुटायच्या आत डावीकडच्या वरच्या स्टँडमधून दुसरा आवाज आला, यावेळी आरोळी नाही, अरेरे. आम्हाला कळलं आता आपल्या मोबाईलवर काय येणार आहे. बघायचं नव्हतं तरी बघितलं. कोलंबियाचा पेन्यालोसा, त्याचाच दुसरा, पुढच्याच मिनिटाला. १-२. मोबाईल ज्याचा होता त्यानं तो उलटा करून मांडीवर ठेवला.

पॅराग्वेनं शेवटच्या वीस मिनिटांत तीन मारून ४-२ जिंकली. ते आम्ही बोर्डावर वाचलं.

मधले दिवस

मंगळवारी परत कोल्हापूरला. बारा तारखेला नेरूळला अजून दोन मॅच होत्या, पॅराग्वेनं तुर्कस्तानला आणि कोलंबियानं अमेरिकेला हरवलं, दोन्ही ३-१. मी ऑफिसात होतो. माली दिल्लीला जाऊन न्यूझीलंडला ३-१ नं हरवून आली. भारत घानाकडून ४-० हरून बाहेर. मग सतरा तारखेला गोव्यात मालीनं इराकला पाच मारले. अठराला नेरूळला घाना-नायजर होती, ती पहिल्या आंघोळीच्या रात्री टीव्हीवर, फराळाचं ताट पुढं घेऊन, घानाची २-०.

भाऊबीजेला ताई आणि भाचा कोल्हापूरला आले. २१ तारीख. ओवाळणी झाली, पाटावरून उठलो आणि तसाच टीव्हीपुढं, कारण पाच वाजता गुवाहाटीत माली-घाना क्वार्टर फायनल. तिथं असला पाऊस की बॉल टाकला की जागच्या जागी थांबायचा. मालीनं २-१ नं काढली. भाचा कपाळावर टिळा, हातात करंजी, घरभर नाचतोय, कारण सेमीफायनल कुठं होती? नेरूळला. आणि आमच्याकडं तिची तीन तिकिटं होती, कोण येणार हे माहीत नसताना काढलेली. समोर स्पेन.

दुसऱ्या सेमीचं वेगळंच झालं. त्याच पावसानं गुवाहाटीच्या ग्राउंडचा चिखल केला आणि ब्राझील-इंग्लंड ऐनवेळी कोलकात्याला हलवली.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

तिघं बसनं नवी मुंबईला. रात्री दीडची बस पावणेतीनला आली, ट्रॅव्हल्सवाला फोनवर प्रत्येक वेळी पाच मिनिटं म्हणत होता, आणि एसीचं पाणी ताईच्या डोक्यावर गळत होतं. सकाळचं पोचायचं ते दुपारी पोचलो. तिसरं तिकीट ज्याचं होतं तो आमचा मित्र आजारी पडला. ताई म्हणाली, यांना न्या. दाजी म्हणाले, मला शिफ्ट आहे. मग म्हणाले, कितीची आहे?

बुधवार, २५ ऑक्टोबर

दाजी मार्केटवरून सरळ आले, नेरूळ स्टेशनला भेटले, हातात पाच किलो कांद्याची पिशवी. आईला पाठवायला, मी रात्रीच्याच बसनं परत निघणार होतो म्हणून. मी कपाळाला हात लावला. भडंग आत जात नाही, कांदे जातील? पण दाजींना काही सांगावं लागलं नाही, त्यांनी स्टेडियमजवळच्या एका पानवाल्याशी दोन मिनिटं बोलून, तो निघाला साताऱ्याकडचा, पिशवी त्याच्या टपरीखाली ठेवली. माथाडी माणसाला नवी मुंबईत कुठंही ओळख निघते.

आज गर्दीच गर्दी. बार्सा, रिआलचे टीशर्ट घालून आलेली पोरं, सगळी अर्थात स्पेनकडून. मालीवाले पण होते, कमी पण आवाज जास्त. दाजींना मी सांगितलं, हे आपले. का? तर माळी. दाजींनी मान हलवली, त्यांना पटलं.

स्पेनचा खेळ वेगळाच. पळत नाहीत, बॉल पळवतात. एकोणिसाव्या मिनिटाला पेनल्टी, अबेल रुईझ, १-०. त्रेचाळिसाव्याला परत रुईझ, २-०. माली शॉटवर शॉट मारतीय, काही बाहेर, काही कीपरच्या हातात. दाजी हाफटाईमला म्हणाले, तुमचे दम लावून खेळतायत, पण घाई करतायत. हेच मी दहा मिनिटं वेगळ्या शब्दांत भाच्याला सांगत होतो.

आणि मग साठ मिनिटं उलटून गेल्यावर ती गोष्ट. मालीचा शेख दुकुरे, मधल्या फळीतला, त्यानं लांबून एक सणकावला. आम्ही गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात, जरा वर. बॉल आडव्या दांड्याला खालून लागला, सपकन् खाली आपटला आणि बाहेर उडाला. दुकुरेनं हात वर केले. मालीची सगळी पोरं रेफ्रीकडं बघायला लागली. रेफ्रीनं लाईनमनकडं बघितलं, लाईनमननं काही केलं नाही, खेळ चालू. हे सगळं दोन सेकंदात. मी आणि भाचा गोल म्हणून उड्या मारत होतो, फक्त आम्हीच नाही, आजूबाजूचे पण, आणि मग लक्षात आलं की गोल दिलेलाच नाही.

दाजी बसलेलेच होते. ते म्हणाले, आत पडला.

म्हटलं, दिसला तुम्हाला?

म्हणाले, रेघ मी वीस वर्षं बघितलीय. आत पडला.

पुढं दहा मिनिटांनी फेरान तोरेसनं तिसरा मारला. हाच तो फेरान तोरेस जो पुढं बार्सिलोनाला गेला. एनडियायेनं लगेच एक परत केला पण तोपर्यंत उशीर झाला होता. ३-१. तो एक दिला असता तर २-१ झालं असतं, अर्धा तास हातात, आणि माली त्या अर्ध्या तासात काय करते ते आम्ही पहिल्या दिवशी बघितलं होतं. मी हे रेफ्रीवर खापर फोडायला म्हणत नाही, एवढ्या स्पीडला आलेला बॉल डोळ्याला दिसत नाही. मोठ्यांच्या वर्ल्डकपला २०१४ पासून गोल-लाईन टेक्नॉलॉजी आली होती, २०१० ला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा गोल असाच खाल्ला गेला त्यानंतर. या पोरांच्या स्पर्धेला ती नव्हती एवढंच. माली नंतर २८ ला कोलकात्यात तिसऱ्या नंबरची मॅच पण ब्राझीलकडून २-० हरली, फायनल इंग्लंडनं स्पेनला ५-२ मारून नेली. दुकुरे पुढं इंग्लंडमध्ये क्रिस्टल पॅलेसकडून खेळायला लागला. भाचा त्याच्या प्रत्येक मॅचचा स्कोअर मला पाठवतो.

पानवाल्याकडून कांदे घेतले आणि चालत एलपीला आलो. एलपी म्हणजे हायवेवरचा स्टॉप, कोल्हापूर-साताऱ्याच्या सगळ्या गाड्या तिथं थांबतात, बॅगा घेतलेली माणसं, आईस्क्रीमवाला, रिक्षावाले. बस अकराची. भाच्यानं मोबाईलवर त्या शॉटची क्लिप शोधून काढली आणि स्लो करून दाखवली. चांगला आत पडला होता. मी म्हटलं, नियम असा आहे की बॉल अख्खाच्या अख्खा रेघेपलीकडं जायला लागतो, नुसता रेघेला टेकला तर गोल नाही. दाजी म्हणाले, हे कसलं, आमच्यात रेघेबाहेर नुसती टाच टेकली तरी गडी बाद. म्हटलं, दाजी, तुमचं उलटं आहे. म्हणाले, दाखवा.

मी पिशवीतून एक कांदा काढला. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकमध्ये एक पिवळी रांग होती, ती रेघ. असा अर्धा ठेवला तर नाही, असा कडेवर ठेवला तरी नाही, असा पलीकडं गेला की गोल. दाजींनी कांदा घेतला, स्टॉपच्या शेडचा आडवा पाईप होता, जेमतेम खांद्याएवढा, त्याला खालून हापटला, कांदा रेघेच्या आत पडून बाहेर आला. परत हापटला. एक स्पेनचा टीशर्ट घातलेला जुईनगरचा पोरगा थांबला, म्हणाला, काका, अँगल चुकतोय, बॉल अजून मागं पडला होता, आणि त्यानं कांदा घेऊन स्वतः करून दाखवलं. मग आईस्क्रीमवाल्यानं मत दिलं. एका बाईंनी विचारलं, कांदा खराब होतोय की नाही? सातव्या-आठव्या वेळेला बस आली, क्लीनर कोल्हापूर कोल्हापूर कराड सातारा करत उतरला, दाजींनी कांदा शर्टाला पुसून पिशवीत टाकला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

सकाळी कोल्हापुरात आईनं पिशवी टोपलीत रिकामी केली. एक कांदा तिनं वेगळा काढून फिरवून बघितला, एका बाजूनं पार ठेचलेला.

"ह्याला काय झालं रे?"

म्हटलं, मालीचा गोल आहे तो.

"आजच्या पोह्याला घेते," म्हणाली.